टायरवाल्यांनीं वाटलेले तारे

सन १९०० मध्यें साऱ्या फ्रान्सांत तीन हजार मोटारीही धांवत नव्हत्या. त्याच वर्षीं क्लेर्माँ-फेराँ येथील आंद्रे व एदुआर मिशेलिन या बंधूंनीं मोटारवाल्यांसाठीं एक मार्गदर्शिका काढली आणि तिच्या सुमारें ३५,००० प्रती फुकट वाटल्या. एका मोटारीमागें दहाबारा पुस्तकें! हिशेब वेड्याचा वाटतो. पण हे बंधु टायर विकीत. मोटारवाला घराबाहेर पडला तरच टायर झिजणार, आणि झिजला तरच नवा खपणार. म्हणून चाक कसें बदलावें, पेट्रोल कोठें मिळेल, रात्रीचा मुक्काम कोठें करावा, ही माहिती त्यांनीं पुस्तकांत भरली. पाककलेच्या जगांत ज्या निवाड्याचा सर्वांत मोठा दरारा आहे, तो असा टायरच्या कारखान्यांतून निघाला.

पुढें एका गॅरेजांत या पुस्तकांची थप्पी कामाच्या टेबलाखालीं टेकण म्हणून लावलेली आंद्रेला दिसली, अशी आख्यायिका कंपनी स्वतःच सांगते. ती खरी असो वा नसो, १९२० पासून पुस्तकाला किंमत पडली. फुकटचें कोणी जपत नाहीं, हें व्यापाऱ्यांना कळावयास वीस वर्षें लागावीं, हेंच नवल.

१९२६ मध्यें उत्तम भोजनगृहांच्या नांवापुढें तारा छापूं लागले. १९३१ मध्यें दोन व तीन ताऱ्यांच्या पायऱ्या आल्या. १९३६ मध्यें त्यांचा अर्थ प्रसिद्ध झाला. एक तारा म्हणजे आपल्या वर्गांतील फार चांगलें भोजनगृह. दोन म्हणजे वाट वांकडी करून जावें असें. आणि तीन म्हणजे त्यासाठींच प्रवासाला निघावें असें. ही भाषा पाकशास्त्राची नव्हे, रस्त्याची आहे. जेवण किती चांगलें, हें येथें किती कोस जावें यावर मोजलें आहे!

तारा देणारे निरीक्षक कंपनीचे पगारी नोकर असतात. नांव न सांगतां येतात, जेवतात आणि बिल चुकतें करून जातात. जिन्नसांचा कस, हाताची सफाई, चवींचा मेळ, आचाऱ्याचें स्वत्व आणि प्रत्येक खेपेस तोच दर्जा, एवढें पाहावयाचें. गालिचे व चांदीचीं भांडीं यांचा ताऱ्याशीं संबंध नाहीं, असें मार्गदर्शिका सांगते. फ्रान्सांतील तारांकित दिवाणखाने पाहणाऱ्यास हें पटणें कठीण. तथापि २०१६ मध्यें सिंगापुरांतील चॅन हॉन मेंग यांच्या कोंबडी-भाताच्या साध्या दुकानाला एक तारा मिळाला, हेंही खरें. तारा मिळतो तो भोजनगृहाला, आचाऱ्याला नव्हे. आणि तोही कायमचा नाहीं. दर वर्षीं तो नव्यानें ठरतो.

खरी गोम येथेंच आहे. १९३३ मध्यें युजेनी ब्राझिए या खेड्यांत वाढलेल्या बाईनें आपल्या दोन भोजनगृहांसाठीं तीन-तीन, असे सहा तारे मिळविले. तिच्या हाताखालीं काम केलेल्या पॉल बोक्यूझच्या भोजनगृहानें १९६५ पासून तीन तारे राखले. तो २०१८ मध्यें वारला आणि २०२० मध्यें तिसरा तारा गेला. धन्यावांचून घर तसेंच कसें राहील, असें म्हणतां येईल. पण फ्रान्सांत त्यावर हळहळ व संताप दोन्ही उसळले. बेर्नार लुआझोची कथा याहून दारुण आहे. त्याचा तिसरा तारा जाणार, अशी कुजबूज वर्तमानपत्रांतून उठली आणि फेब्रुवारी २००३ मध्यें त्यानें आत्महत्या केली. कर्ज व मनाचें दुखणें हींही कारणें होतीं. केवळ ताऱ्याला दोष देणें न्यायाचें नव्हे. त्या वर्षींच्या मार्गदर्शिकेंत त्याचे तिन्ही तारे कायम होते.

लायोल येथील सेबास्तियाँ ब्रास यानें २०१७ मध्यें दुसराच मार्ग धरला. आपल्या भोजनगृहाचें नांव पुस्तकांतून काढावें, कोणत्या ताटाची परीक्षा होत आहे या धास्तीवांचून स्वयंपाक करूं द्यावा, अशी विनंति त्यानें केली. २०१८ च्या आवृत्तींतून नांव वगळलें गेलें. परंतु पुस्तक वाचकांसाठीं आहे, आचाऱ्यांसाठीं नव्हे, हा मार्गदर्शिकेचा जुना बाणा. २०१९ ची आवृत्ति निघाली, तेव्हां तेंच नांव पुन्हां छापलेलें होतें. पुढें दोन तारे होते.