एका मेजवानीचा जमाखर्च

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. जेवणाच्या टेबलाचे एखादे चित्रही त्यांच्या पंक्तीस बसू शकते, एवढेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये हार्लेमचा चित्रकार पीटर क्लास याने १६२७ साली रंगविलेले एक तैलचित्र आहे. टेबलावर टर्की पक्ष्याच्या पिसांनी सजविलेले मांसाचे पक्वान्न, कालवे, पाव, ऑलिव्ह, सोललेले लिंबू, शंखाचा चषक आणि चिनी मातीची भांडी मांडली आहेत. शेजारी पंचांगाच्या पानाची, आपल्या वाण्याच्या पुडीसारखी, मिऱ्याची पुडी आहे. माणूस मात्र चित्रात एकही नाही.

आता या वस्तूंची कुळे पाहू. टर्की मूळचा अमेरिकेतला, लिंबू आणि ऑलिव्ह भूमध्य समुद्राकाठचे, शंख पूर्वेकडील उष्ण समुद्रांतला, मिरे आशियातले. चिनी भांड्यांची आवड हॉलंडात वाढली ती लुटीने. डचांनी १६०३ साली सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यावरील मालाचा ॲमस्टरडॅमला लिलाव केला.

या व्यापाराची सूत्रे १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होती. वेंगुर्ल्याची वखार घातली ती याच कंपनीने. जायफळाच्या मक्तेदारीसाठी तिचा गव्हर्नर जनरल कून याने १६२१ साली बांदा बेटे जिंकली. तेथील हजारो रहिवासी तलवारीने वा उपासमारीने मेले. कित्येकांना गुलाम करून नेले. पुढे जायफळाच्या बागा गुलामांकरवी राबविल्या गेल्या. क्लासने हे चित्र काढले ते यानंतर अवघ्या सहा वर्षांनी.

चित्रात जायफळ दिसत नाही, आणि चित्रकाराने काही दडविले असा आरोपही आम्ही करीत नाही. लिंबाच्या सालीवरचा प्रकाश त्याने ज्या निष्ठेने टिपला, ती खोटी नव्हे. ऐश्वर्य क्षणभंगुर आहे, असा बोधही अशा चित्रांतून त्या काळी घेतला जाई. परंतु हे ऐश्वर्य कोणाच्या घामाने आणि रक्ताने टेबलावर आले, हा प्रश्न त्या बोधात नव्हता. तो विचारण्याचे काम आपले आहे. चित्राच्या सौंदर्याला त्याने बाध येत नाही; रिकाम्या दिसणाऱ्या त्या खोलीत मात्र पुष्कळ माणसे दिसू लागतात.