उष्ण कटिबंधातल्या माशाचं वय आणि लांबीने दिलेला चकवा

ढोम्याचं डोकं फोडून पाहिलंय कधी? आत दोन पांढरे खडे सापडतात. हेच कर्णाश्म, पेपरांमधले ‘ओटोलिथ’. 1899 मध्ये राइबिश यांनी प्लेस माशाचं वय कर्णाश्मावरच्या कड्यांवरून काढलं. थंडीत वाढ मंदावते, कडं पडतं, झाडाच्या खोडासारखंच.

मग आपल्याकडे? हिवाळाच नाही, तर कडी कुठून पडणार, असं बरीच वर्षं धरून चाललं गेलं. त्यामुळे भर राहिला लांबीवर. डॅनिश संशोधक पीटरसन यांनी 1890च्या दशकात ही वाट दाखवली होती: हजारो मासे मोजा, आलेख काढा, त्यातला एकेक उंचवटा म्हणजे एकेक पिढी. 1980च्या सुमारास डॅनिएल पॉली यांनी मनिलात ‘एलेफॅन’ हा संगणकीय प्रोग्राम तयार केला आणि मोजपट्टी घेऊन बंदरावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात वाढीचा दर आला. पद्धत स्वस्त, आणि तारलीसारख्या अल्पायुषी माशांना बऱ्यापैकी लागू पडते. तिला नावं ठेवायची घाई करू नका.

1971 मध्ये पॅनेला यांनी कर्णाश्मात रोजची कडीसुद्धा दाखवली. पण म्हाताऱ्या माशाची रोजची कडी मोजणं म्हणजे डोळे फोडून घेणं!

खरा धक्का ग्रेट बॅरियर रीफवरून आला. तिथे कर्णाश्माचे पातळ छेद घेतले, तर वर्षाची कडी चक्क दिसली. ती खरोखर वर्षाला एकच पडते का, हे तपासायला माशाला टेट्रासायक्लिन टोचून सोडायचं, पुन्हा पकडायचं आणि अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रेघेपुढची कडी मोजायची. 1996 मध्ये चोट आणि ॲक्स यांनी सर्जनफिश कुळातल्या माशांची वयं काढली: कित्येक जातींत तीस ते पंचेचाळीस वर्षं! वाढ मात्र पहिल्या तीन-चार वर्षांतच जवळजवळ संपलेली.

आता लांबीचा आलेख आठवा. पाच वर्षांचा आणि पस्तीस वर्षांचा मासा एकाच उंचवट्यात बसतात. शिवाय पॉलींच्याच 1980च्या सूत्रात वाढीचा वेग जास्त म्हणजे नैसर्गिक मृत्युदर जास्त. मग हा मासा ‘लवकर मरणारा’ ठरतो आणि कितीही पकडला तरी भरून निघेल असं वाटतं. प्रत्यक्षात जाळ्यात कदाचित तीन दशकं जगलेला मासा असतो.

साहित्य-आढावा करताना वहीत दोन रकाने जास्त आखा: वय लांबीवरून की कर्णाश्मावरून, आणि कडी कोणत्या वयापर्यंत पडताळलेली आहेत. दुसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. बीमिश आणि मॅकफार्लेन यांनी 1983 मध्ये नेमकी हीच तक्रार केली होती.