पेरूच्या वाटांवरची स्पॅनिश

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेरू या देशाचें नांवच मुळीं भाषा न समजल्यामुळें पडलें, अशी एक जुनी कथा आहे. नदीच्या मुखाशीं मासे धरणाऱ्या एका मनुष्याला स्पॅनिश खलाशांनीं पकडलें आणि ‘हा देश कोणता?’ असें खुणांनीं विचारलें. भेदरलेल्या त्या मनुष्यानें आधीं स्वतःचें नांव सांगितलें, ‘बेरू’. मग आपण कोठें होतों तें सांगितलें, ‘पेलू’, म्हणजे नदींत. खलाशांनीं या दोन शब्दांची मोडतोड करून देशाचें नांव ठरविलें. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्याचा अधिकार मात्र मोठा आहे. गार्सिलासो द ला वेगा हा १५३९ सालीं कूस्को नगरींत जन्मला. त्याचा पिता स्पॅनिश सरदार आणि माता इन्का राजकुळांतील. पित्याची स्पॅनिश व मातेची केचुआ या दोन्ही भाषा त्याला घरींच मिळाल्या. १६०९ सालीं लिस्बन येथें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इतिहासग्रंथांत ही कथा आहे, आणि त्या ग्रंथाचा एक हेतु स्पॅनिश लेखकांचे केचुआविषयींचे गैरसमज दुरुस्त करणें हाच आहे.

स्पॅनिश शिकण्यासाठीं परदेशीय प्रवासी आज लिमा, आरेकिपा व कूस्को या शहरांत येत असतात. वर्ग संपवून ते देश पाहावयास निघाले, कीं एका पुस्तकांत शिकलेली भाषा त्यांना तीन निराळ्या मुलखांतून न्यावी लागते. समुद्राकांठीं वाळवंटाची चिंचोळी पट्टी, मध्यें अँडीज पर्वताची उत्तुंग रांग, आणि पलीकडे अॅमेझॉनचें विस्तीर्ण अरण्य, अशी या देशाची रचना आहे. स्पॅनिशखेरीज तेथें ४८ देशी भाषा सरकारनें मान्य केल्या आहेत. त्यांपैकीं ४४ अरण्यांतील आहेत. एवढ्या भाषांच्या सहवासांत चार शतकांहून अधिक काळ राहिलेली स्पॅनिश माद्रिदची राहिली नाहीं, यांत नवल नाहीं. शेताला तेथें ‘चाक्रा’ म्हणतात, वाटेवरील धर्मशाळेला पूर्वीं ‘तांबो’ म्हणत, उंच पर्वतावर होणाऱ्या श्वासाच्या त्रासाला ‘सोरोचे’ हें नांव आहे. किनाऱ्यावर १८४९ पासून मजुरीसाठीं आणलेल्या चिनी लोकांनींहि या भाषेंत भर घातली. चिनी उपाहारगृहाला सर्व देशांत ‘चीफा’ हाच शब्द आहे, आणि आल्याला पेरूचा मनुष्य ‘कियोन’ म्हणतो.

परंतु शब्दांची ही देवघेव म्हणजे दोन भाषांतील स्नेहाची साक्ष, असें मानणें हा उतावीळपणा होईल. स्पॅनिश पेरूंत आली ती तरवारीबरोबर. १६ नोव्हेंबर १५३२ रोजीं काहामार्का येथें पिझारोच्या तुकडीनें इन्का सम्राट् आताहुआल्पा यास कैद केलें. त्या भेटीच्या वेळीं दुभाष्याचें काम फेलिपिल्यो नांवाच्या किनाऱ्याकडील एका तरुणानें केलें, असें गार्सिलासो सांगतो. या तरुणाची केचुआ अशुद्ध आणि स्पॅनिश शिपायांकडून उचललेली. धर्मगुरूनें ‘त्रिविध तरीहि एक’ अशा ईश्वराचें तत्त्व सांगितलें, तेव्हां त्यानें तीन आणि एक यांची बेरीज करून ईश्वर चार असल्याचें सम्राटास कळविलें! पुढल्याच वर्षीं आताहुआल्पाला ठार मारण्यांत आलें. दुभाषा निपुण असता तर साम्राज्य वांचलें असतें असें नव्हे; पण जेथें एका पक्षाला दुसऱ्याचें बोलणें समजून घेण्याची गरजच वाटत नाहीं, तेथें अर्धशिक्षित दुभाषाहि पुरेसा ठरतो, हें मात्र दिसून येतें.

ही गरज ज्याला वाटली असा पुरुष लवकरच निघाला. दोमिंगो द सांतो तोमास या धर्मोपदेशकानें पेरूंत वर्षानुवर्षें राहून केचुआ आत्मसात् केली आणि तिचें पहिलें व्याकरण व कोश १५६० सालीं स्पेनमध्यें वाय्यादोलिद येथें छापविला. ज्यांची भाषा लॅटिनसारखी नियमबद्ध आहे त्या लोकांना रानटी म्हणतां येणार नाहीं, असा युक्तिवाद त्यानें प्रत्यक्ष राजापुढें मांडला.

या भाषेची घडण मराठी श्रोत्याला मुळींच परकी वाटणार नाहीं. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि नामाला प्रत्यय लागतात. ‘वासी’ म्हणजे घर, ‘वासिपी’ म्हणजे घरांत, ‘वासिमान’ म्हणजे घराकडे. याहून सुंदर साम्य सर्वनामांत आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचें तर केचुआंत ‘न्योकायकू’ आणि त्याला सामावून घ्यावयाचें तर ‘न्योकांचिक’. मराठींत जसें ‘आम्ही’ आणि ‘आपण’. स्पॅनिशमध्यें दोहोंस मिळून ‘नोसोत्रोस’ हा एकच शब्द आहे. हा भेद दोमिंगोनें आपल्या व्याकरणांत टिपून ठेवला आहे. प्रार्थनेंत ‘आम्ही पापी’ म्हणावयाचें कीं ‘आपण पापी’, हा प्रश्न धर्मोपदेशकाला केचुआ शिकतांना प्रथमच पडत असे.

१५८४ सालीं लिमा येथें दक्षिण अमेरिकेंतील पहिलें पुस्तक छापलें गेलें, तें स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतील धर्मबोधाचें होतें. परंतु राज्यकर्त्यांचें धोरण पुढें पालटलें. अमेरिकेंतील देशी भाषा नाहींशा करून सर्वत्र स्पॅनिश चालवावी, अशी आज्ञा तिसऱ्या कार्लोस राजानें १७७० सालीं काढली. दहा वर्षांनीं तुपाक आमारू याच्या नेतृत्वाखालीं मोठें बंड झालें. १८ मे १७८१ रोजीं कूस्कोच्या चौकांत त्याचा क्रूर वध झाला, आणि त्याला दिलेल्या शिक्षेच्या निकालपत्रांतच देशी पोषाख, देशी नाटकें आणि देशी भाषा यांवरहि घाला घालण्यांत आला. गार्सिलासोच्या ग्रंथाच्या प्रतीहि गोळा करण्याचा हुकूम पुढल्या वर्षीं सुटला. गोव्यांतील कोंकणीवर पोर्तुगीज व्हाइसरॉयनें १६८४ सालीं असाच हुकूम सोडला होता, याचें येथें सहज स्मरण होतें.

१८२१ सालीं पेरू स्वतंत्र झाला आणि निरनिराळ्या देशांचे विद्वान् तेथें येऊं लागले. त्यांपैकीं दोघांचे मार्ग लक्षांत घेण्याजोगे आहेत. क्लेमेंट्स मार्कम हा इंग्रज १८५२ मध्यें निघून कूस्कोस आला. त्याला केचुआची गोडी लागली आणि १८६४ सालीं त्यानें तिचें व्याकरण व कोश लंडनमध्यें प्रसिद्ध केला. याच मार्कमनें १८६० मध्यें सिंकोनाचीं रोपें हिंदुस्थानाकडे आणलीं. तीं जगलीं नाहींत. पण त्याच्या सहकाऱ्यांनीं धाडलेल्या बियांपासून निलगिरीवर सिंकोनाची लागवड झाली. हिवतापाच्या दिवसांत आपल्याकडील लहानथोरांनीं ज्या कोयनेलाचा कडूपणा चाखला, त्याच्या नांवांत सालीला अनुलक्षून असलेला ‘किना’ हा केचुआ शब्द दडलेला आहे.

दुसरा प्रवासी आंतोनियो रायमोंदी. मिलान शहराचा हा इटालियन तरुण इटलीच्या स्वातंत्र्यसंग्रामांत लढून, पराभवानंतर १८५० सालीं पेरूंत उतरला तो कायमचा. वैद्यक महाविद्यालयांत त्यानें निसर्गशास्त्राचें अध्यापन केलें, आणि १८५१ पासून १८६९ पर्यंत, म्हणजे सुमारें एकोणीस वर्षें, खेचरावरून, होडींतून आणि पायीं सारा देश पालथा घातला. वनस्पति, धातू, नद्यांचे प्रवाह, पडक्या वास्तू यांची टिपणें करीत तो गेला. ज्याला नकाशा काढावयाचा त्याला प्रत्येक ओढ्याचें आणि वाडीचें नांव तेथल्याच माणसाला विचारावें लागतें, आणि अँडीजमध्यें तीं नांवें बहुशः केचुआ असतात. १८७४ सालीं ‘एल पेरू’ या त्याच्या महाग्रंथाचा पहिला भाग निघाला, तो इटालियन भाषेंत नव्हे, तर स्पॅनिशमध्यें. १८९० सालीं त्याच भूमींत त्याचा देह पडला. परक्याची भाषा प्रेमानें घेतली म्हणजे ती परकी राहत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको.

तथापि रायमोंदीची गोष्ट एकट्यानें ऐकली तर चित्र अपुरें राहतें. केचुआंत ‘अ’, ‘इ’, ‘उ’ हे तीनच मूळ स्वर आहेत. त्यामुळें डोंगरांतून लिमा शहरीं येणाऱ्या मनुष्याच्या तोंडीं स्पॅनिशचे ‘ए’ आणि ‘इ’, ‘ओ’ आणि ‘उ’ एकमेकांत मिसळतात. ‘आईचें घर’ म्हणतांना तो केचुआच्या वळणानें ‘आईचें तिचें घर’ म्हणतो. परदेशीय विद्यार्थी चुकला तर लोक कौतुकानें हसतात. डोंगरी मनुष्य चुकला तर त्याच्या उच्चारांना ‘मोतोसो’ म्हणून हिणवलें जाई, आणि ती खोड अद्याप पुरी गेलेली नाहीं. पहिल्यानें ती भाषा हौसेनें घेतलेली असते, दुसऱ्याच्या पूर्वजांवर ती लादलेली असते. आणि हंसें मात्र दुसऱ्याचेंच होतें. या अपमानामुळें कित्येक मातापित्यांनीं मुलांशीं स्वतःच्या भाषेंत बोलणें सोडलें. होसे मारिया आर्गेदास (१९११–१९६९) हा गोरा कादंबरीकार सावत्र आईच्या घरीं नोकरांमध्यें वाढला व त्यांच्याकडून केचुआ शिकला. त्यानें लिहिलें स्पॅनिशमध्यें, पण केचुआचा श्वास त्या वाक्यांतून ऐकूं यावा यासाठीं जन्मभर झट घेतली.

१९७५ सालीं सरकारनें केचुआला स्पॅनिशच्या जोडीनें राजभाषेचा दर्जा दिला. १९९३ च्या राज्यघटनेनुसार जेथें जी देशी भाषा बहुसंख्यांची, तेथें ती राजमान्य आहे. २०१७ च्या शिरगणतींत सुमारें ३८ लक्ष लोकांनीं केचुआ ही आपली मातृभाषा असल्याचें सांगितलें. कायद्यानें भाषा जगतेच असें नाहीं. पण तिची लाज बाळगण्याचें कारण तरी त्यानें कमी होतें.

लिमा हें नांव तेथील ‘रीमाक’ नदीवरून आलें, आणि ‘रीमाक’ या केचुआ शब्दाचा अर्थ ‘बोलणारा’ असा आहे. ज्या नगरींतून दोन शतकांहून अधिक काळ खंडाच्या मोठ्या भागावर स्पॅनिशचा अंमल चालला, त्या नगरीचें नांवच जितांच्या बोलींतलें आहे. पेरूंत स्पॅनिश शिकणाऱ्याला व्याकरण वर्गांत मिळेल, उच्चार बाजारांत मिळेल; परंतु ‘नोसोत्रोस’ म्हणतांना त्या एका शब्दांत ‘आम्ही’ आहे कीं ‘आपण’ आहे, हें ओळखण्याची शिकवण त्याला डोंगराच्या वाटेवरच घ्यावी लागेल.