घशातला फवारा आणि बॉनेटवरचा रवा

सेकंडहँड गाडी बघायला गेलात की एक करा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून, छपरावरून हलकेच फिरवा. बारीक रवा सांडल्यासारखं लागलं तर समजायचं, कुठूनतरी उडून आलेलं काहीतरी इथे चिकटलंय. मग दारांची रबरं आणि काचांच्या कडा बघा. तिथे गाडीच्याच रंगाचे ठिपके दिसले, की "एकदम ओरिजिनल पेंट आहे साहेब" या वाक्याची किंमत तिथल्या तिथे घसरते. हाच तो ओव्हरस्प्रे. तो काढायचा कसा ते सांगतोच, पण तो आला कुठून ही गोष्ट जास्त मजेदार आहे.

ती सुरू होते एका डॉक्टरच्या दवाखान्यात! अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी अ‍ॅलन डिव्हिल्बिस नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. घशात औषध नीट पोचावं म्हणून १८८० च्या दशकात त्यांनी एक फवारणी यंत्र बनवलं. फुगा दाबला की औषधाचं धुकं थेट घशात. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच कल्पनेतून रंग मारायची स्प्रे गन तयार केली.

पण मोटारींना तिची खरी गरज पडली ती १९२३-२४ मध्ये. तोवर बऱ्याच गाड्या ब्रशने व्हार्निशचे थरावर थर देऊन रंगवत आणि ते वाळण्यात आठवडे जात. असेंब्ली लाइन कितीही पळाली तरी गाड्या रंगापाशी तुंबून राहत. (बॉटलनेक म्हणजे काय हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको!) मग ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून 'ड्युको' हा रंग काढला आणि जनरल मोटर्सने तो ओकलंड गाडीवर वापरला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे फर्निचरवाले आजही 'ड्युको मारू का?' असं विचारतात, ते नाव इथलंच.

अडचण एकच. हा रंग इतका भराभर वाळतो की ब्रश फिरवेपर्यंत ओढ धरतो. म्हणजे फवारणीच हवी. आणि फवारणी म्हटली की उधळपट्टी आली. जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी साधारण एक तृतीयांशच पत्र्यावर बसतो. बाकीचा हवेत! कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनमध्ये हे प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या आसपास जातं, तरी उरलेला रंग कुठेतरी जातोच. शेजारच्या गाडीवर, काचेवर, रबरावर.

तो काढायला गॅरेजवाले थिनर घेतात. इथे इतिहास कामाला येतो. ड्युकोच्या जातीचा एनसी रंग नुसता द्रावक उडून वाळतो, त्यामुळे थिनर लागला की पुन्हा विरघळतो. पीयू रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो, तो सहसा टिकतो. पण सेकंडहँड गाडीवर कुठल्या भागाला काय मारलंय हे तुम्हाला कोण सांगणार? ठिपक्याबरोबर खालचा रंगही गेला तर?

यावर छान तोड काढली जपानच्या तादाओ कोदाते यांनी. रबरासारख्या मऊ गोळ्यात बारीक घासणारे कण मिसळायचे. या क्ले बारचं अमेरिकन पेटंट त्यांना १९९५ मध्ये मिळालं. गोळा सपाट पृष्ठभागावरून घसरतो आणि वर आलेला कण तेवढा खुडून घेतो. विरघळवायची भानगडच नाही.

कृती सोपी आहे. गाडी सावलीत, गार पत्र्यावर स्वच्छ धुवा. शाम्पूच्या पाण्याने सतत ओली ठेवा. क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, घड्या घालून स्वच्छ बाजू वर घेत राहा. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, कारण एक खडा पुरे. शेवटी वॅक्स. पण जाड थर असेल तर क्लेचं काम नाही, तिथे कंपाउंड आणि जाणकार माणूस हवा.

आता शेवटचा मुद्दा. हवेत गेलेला रंग फक्त बॉनेटवर बसत नाही. तो मारणाऱ्याच्या छातीतही जातो. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट्स असतात आणि त्यांनी पेंटरांना दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. एकदा शरीराने ते मनावर घेतलं की अगदी थोड्या मात्रेनेही त्रास उसळतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवत नाही. घशाला आराम पडावा म्हणून निघालेलं यंत्र, आणि हे असं!

तेव्हा पुढच्या वेळी डेंट काढायला गाडी द्याल, तेव्हा रेट विचारताना पेंट बूथ आहे का आणि पोरांना हवा पुरवणारा मास्क आहे का हेही विचारा. दोन पैसे जास्त पडतील. पत्र्यावरचा रवा क्लेने निघतो, छातीतल्यासाठी तसला गोळा अजून कोणी काढलेला नाही.