कोना आयर्नमॅन स्पर्धेतील सायकल मार्ग व वारे

कोना आयर्नमॅन स्पर्धेतील सायकल मार्ग हा अमेरिकेच्या हवाई राज्यातील हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारा १८०.२ किलोमीटरचा मार्ग होय. आयर्नमॅन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ३.८६ किमी पोहणे, हे सायकलिंग आणि ४२.१९५ किमी धावणे असे तीन टप्पे सलग पार पाडावे लागतात. मार्गावरील चढ फारसे कठीण नाहीत. त्याची ख्याती आहे ती वाऱ्यामुळे.

पार्श्वभूमी
पहिली आयर्नमॅन स्पर्धा १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर झाली. नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. १५ स्पर्धकांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. ओआहूवरील रहदारी टाळण्यासाठी १९८१ मध्ये आयोजिका व्हॅलेरी सिल्क यांनी स्पर्धा हवाई बेटावरील कैलुआ-कोना येथे हलविली. रहदारी टळली, पण वारा वाट्याला आला.

मार्ग
कैलुआ-कोना सोडल्यावर रस्ता क्वीन काअहुमानु महामार्गाने उत्तरेकडे जातो. दोन्ही बाजूंना थिजलेल्या लाव्हाची काळी पठारे पसरलेली आहेत. हा खडक बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीच्याच जातीचा. मात्र भूशास्त्रीय दृष्ट्या इतका कोवळा की त्यावर अजून माती धरलेली नाही. त्यामुळे झाडांचा आडोसा जवळजवळ नाहीच. कावाइहाए बंदरानंतर मार्ग अकोनी पुले महामार्गाला लागतो, कोहाला पर्वताच्या पायथ्याने चढत हावी या छोट्या गावी पोहोचतो आणि तेथून मागे वळतो.

वाऱ्यांची कारणे
हवाई बेटे ईशान्य व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात येतात. या वाऱ्यांवर साधारण २,००० मीटर उंचीवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. त्यामुळे ४,२०७ मीटर उंचीचा मौना केआ त्यांना ओलांडता येत नाही. मौना केआ व कोहाला यांच्यामधील वाइमेआची खिंड सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. अडलेली हवा या खिंडीत नरसाळ्यातून ओतल्याप्रमाणे दाटते आणि पलीकडच्या उतारावरून कावाइहाएच्या दिशेने वेगाने कोसळते. या झोताला स्थानिक भाषेत ‘मुमुकु’ म्हणतात.

दुसरे कारण आपल्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातले आहे. दिवस चढतो तसा काळा लाव्हा तापतो आणि समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात. हावीकडे जाताना समोरून वारा सोसलेल्या स्पर्धकाला परतताना तो पाठीशी मिळेल अशी आशा असते. परंतु दक्षिणेकडे येताना अनेकदा पुन्हा समोरचाच वारा भेटतो. सकाळी शांत असलेला रस्ता दुपारी ओळखू येत नाही.

सायकलस्वारावर परिणाम
हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किमी वेगाने जाणाऱ्यास समोरून ताशी १८ किमी वारा लागला, तर तोच वेग राखण्यासाठी त्याला सव्वादोन पट विरोध सहन करावा लागतो. पाठीचा वारा ही भरपाई करीत नाही. समजा, जाताना ६० किमी अंतर ताशी २४ किमी वेगाने व येताना तेवढेच अंतर ४० च्या वेगाने कापले, तर एकूण चार तास लागतात. दोन्ही वेळा ३२ चा वेग राखला असता पावणेचार तास लागले असते. प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक वेळ घालवतो, हे त्याचे साधे कारण. म्हणूनच अनुभवी स्पर्धक वेगमापकाकडे दुर्लक्ष करून श्रम समान ठेवतात. जो हावीपर्यंत वाऱ्याशी हट्टाने झगडतो, त्याच्या पायांना मॅरेथॉनमध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

आडवा वारा वेगळ्या अर्थाने धोकादायक असतो. हावीहून उतरताना पर्वताच्या बाजूने अचानक झोत येतात. रस्त्यालगतचा कडा संपताच पुढचे चाक बाजूला ढकलले जाते. हात पुढील आडव्या दांड्यांवर टेकलेले असले, तर ब्रेकपर्यंत पोहोचायला क्षणभर उशीर होतो. वाऱ्याने घाम लगेच वाळत असल्याने शरीरातील पाणी किती कमी झाले, याचाही अंदाज येत नाही.

नियम
आडव्या वाऱ्याच्या धोक्यामुळे येथे मागील भरीव चाकास, म्हणजे डिस्क चाकास, बंदी आहे. आयर्नमॅनच्या इतर बहुतेक स्पर्धांत ते चालते. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकविणे, म्हणजे ड्राफ्टिंग, निषिद्ध आहे. हौशी स्पर्धकांना १२ मीटर अंतर राखावे लागते, आणि पुढच्याला ओलांडायचे असल्यास ते २५ सेकंदांत करावे लागते. उल्लंघनास पाच मिनिटांचा दंड होतो. सांघिक सायकल शर्यतीत सहकाऱ्याच्या पाठीमागे विसावता येते. येथे प्रत्येकाला आपल्या वाट्याचा वारा स्वतःच कापावा लागतो.

वारा व विक्रम
या मार्गावरील वेळांची तुलना करताना त्या दिवशीचे हवामान पाहणे आवश्यक ठरते. २०१८ साली वारा असाधारण मंद होता. त्या वर्षी जर्मनीच्या पॅट्रिक लांगे यांनी ७ तास ५२ मिनिटे ३९ सेकंदांत स्पर्धा जिंकून येथे प्रथमच आठ तासांची मर्यादा मोडली. २०२४ मध्ये फ्रान्सच्या सॅम लेडलो यांनी सायकलचा टप्पा ३ तास ५७ मिनिटे २२ सेकंदांत संपविला. परंतु धावताना ते मागे पडले आणि विजेतेपद ७ तास ३५ मिनिटे ५३ सेकंद अशा नव्या विक्रमासह पुन्हा लांगे यांनाच मिळाले.