कॉन्ट्रा ते पबजी: गेम बदलत गेले, भिडू कसे टिकले?

उन्हाळ्याची सुट्टी, भर दुपार, उन्हात खेळायला बंदी. गल्लीत एकाच घरात व्हिडिओ गेम आहे हे सगळ्यांना माहीत. टीव्हीसमोर सहा पोरं मांडी घालून बसलीत आणि रिमोट दोनच. (कंट्रोलरला तेव्हा सगळे रिमोटच म्हणायचे.) एक रिमोट ज्याचं घर त्याच्याकडे, त्यावर वाद नाही. भांडण सगळं दुसऱ्या रिमोटसाठी. धाकटा भाऊ फारच रडायला लागला, तर वायर न जोडलेला एखादा जुना रिमोट त्याच्या हातात द्यायचा. आपणच खेळतोय असं समजून तोही खूश. कच्चा लिंबू काही फक्त लपाछपीतच नसायचा.

आता तेच सहा जण पुणे, बंगळुरू आणि अजून कुठे कुठे पांगलेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, 'आज ११ वाजता कोण कोण आहे?' दोघं हो म्हणतात, एकाचं बाळ झोपलेलं नसतं, एकाची शिफ्ट असते. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणजे रिमोटची टंचाई संपली. आता टंचाई आहे ती एकत्र मिळणाऱ्या तासाभराची.

मग जुन्या गेम्समध्ये असं काय होतं की त्यांच्यावर मैत्र्या जमल्या? आणि ते आजच्या गेम्समध्ये आहे का? त्यासाठी आधी त्या डब्यापासून सुरुवात करावी लागेल.

तो डबा नेमका काय होता?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणजेच फॅमिकॉम बाजारात आणला. अमेरिकेत तो १९८५ मध्ये एनईएस या नावाने गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचं, ती बहुतेक वेळा याच फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असायची. सोबतच्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं काहीतरी छापलेलं असायचं. आत गेम असायचे थोडेच. बाकी यादी म्हणजे तोच गेम दुसऱ्या लेव्हलपासून, तोच गेम जास्त लाईफ घेऊन, असा हिशेब. आपण फसवले गेलोय हे कळायलाही एक अख्खी सुट्टी जायची.

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि परत घालायची, हा विधी तर सगळ्यांना पाठ. खरं सांगायचं तर फुंकरीचा उपयोग नव्हता. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे आतल्या पिना नीट टेकायच्या आणि गेम सुरू व्हायचा. उलट तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात, म्हणून फुंकर मारू नका असं खुद्द निन्टेन्डो सांगायची. पण 'माझ्या फुंकरीने लागते' असा ज्याचा लौकिक होता, त्याला खेळायला बोलवावंच लागायचं.

खेळण्यापेक्षा वाट बघणं जास्त

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये टू प्लेअर निवडलं तरी दोघं एकत्र खेळत नाहीत. मारिओ मेला की लुइजीचा चान्स, लुइजी मेला की मारिओचा. म्हणजे मित्र चांगला खेळणारा निघाला तर तुम्ही हातात रिमोट धरून नुसतं बसायचं. बाकीचे चौघं तर तेही न धरता बसलेले.

मला वाटतं, मैत्री याच बसण्यात झाली. चान्स नसलेली पोरं गप्प राहत नाहीत. 'तिथं डोकं मार, लाईफ आहे' असं एक जण सांगतो, दुसरा 'आता उडी, आता!' म्हणून ओरडतो, तिसरा मुद्दाम चुकीचं सांगतो. दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत गेलं की थेट पुढच्या वर्ल्डमध्ये नेणारे पाइप सापडतात, ही माहिती तेव्हा यूट्यूबवर नव्हती. ती कोणाच्या तरी मावसभावाकडून यायची आणि गल्लीत पसरायची. ज्याला ती आधी माहीत, त्याचा आठवडाभर भाव.

'कॉन्ट्रा'चं प्रकरण वेगळं. कोनामी कंपनीचा हा गेम १९८७ मध्ये आर्केड मशीनवर आला आणि १९८८ मध्ये घरच्या कन्सोलवर. यात दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर. एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल. एकमेकांची गोळी एकमेकांना लागत नाही, त्यामुळे वरवर पाहता भांडायला कारणच नाही. पण 'एस' अक्षराची बंदूक एकच पडते. ती कोणी घ्यायची?

आणि मग येतो तिसऱ्या लेव्हलचा धबधबा. इथे पडदा वर सरकतो. एक जण घाईघाईने वर चढला की मागे राहिलेल्याच्या पायाखालची जागा पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. शत्रूने मारलं नाही, मित्राच्या घाईने मारलं. गेम बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं की त्या काळच्या मशीनची ती मर्यादा होती, हा वेगळा विषय. परिणाम मात्र हा की 'थांब, मला येऊ दे' हे वाक्य म्हणावंच लागायचं. समोरचा थांबतो की नाही, यावरून तो कसा आहे हे तेव्हाच कळायचं.

तीन लाईफमध्ये आठ लेव्हल पार करणं बहुतेकांच्या हाताबाहेर. म्हणून तो कोड: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. टाकला की तीस लाईफ. हा कोड मुळात 'ग्रॅडियस' या गेमसाठी काझुहिसा हाशिमोतो यांनी तयार केला होता. १९८६ मध्ये त्या गेमची घरगुती आवृत्ती करताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जात होता, म्हणून तपासणीसाठी त्यांनी ही पळवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. २०२० मध्ये हाशिमोतो यांचं निधन झालं तेव्हा जगभरच्या गेमर्सनी त्यांचा कोड लिहूनच श्रद्धांजली वाहिली.

मग नेट कॅफे आला

२००० नंतर पोरं टीव्हीसमोरून उठून सायबर कॅफेत गेली. 'काउंटर-स्ट्राइक' मुळात 'हाफ-लाइफ' या गेमवर हौशी लोकांनी १९९९ मध्ये केलेला बदल. कॅफेतले कॉम्प्युटर एकमेकांना लॅनने जोडलेले असले की इंटरनेटचीही गरज नाही. तासाचे पैसे भरायचे, दोन टीम पाडायच्या आणि सुरू.

यातही वाट बघणं होतंच. राउंडमध्ये मेलात की राउंड संपेपर्यंत परत जिवंत होता येत नाही. मग मेलेले सगळे शेवटच्या जिवंत गड्याच्या खुर्चीमागे उभे. शिवाय पैशांचा खेळ वेगळा. पहिल्या राउंडला प्रत्येकाला ८०० डॉलर मिळतात, पुढे जिंकाल तसे वाढतात. ज्याच्याकडे पैसे उरलेत तो महागडी बंदूक घेऊन कंगाल मित्रासमोर टाकू शकतो. कॅफेत 'ए, एक टाक ना' हे वाक्य ऐकू यायचं ते याचसाठी. कोण टाकतं आणि कोण ऐकू न आल्यासारखं करतं, हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

'व्हाइस सिटी'चं तर नवलच. २००२ चा हा गेम एकट्यानेच खेळायचा, तरी एका कॉम्प्युटरसमोर चार जण. एक खेळणारा, एक कीबोर्डवर चीटकोड टाकणारा, उरलेले दोघं सल्लागार. 'पॅन्झर' टाइप केलं की रणगाडा येतो हे पाठ असणाऱ्याला शाळेतल्या कविता पाठ असतीलच असं नाही.

पबजीने काय वेगळं केलं?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल जगभर आला. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, शेवटी एकच टीम उरते. चार जणांची टीम आणि गेममध्येच बोलायची सोय. आमच्या पिढीने कॉलेज सुटल्यावर एकमेकांचे आवाज ऐकले ते फोनवर कमी आणि पोचिंकीत जास्त.

यातली खरी करामत आहे 'नॉक' होण्याची. टीम असेल तर गोळी लागल्यावर तुम्ही लगेच मरत नाही, रांगत राहता आणि हळूहळू जीव कमी होतो. मित्राने येऊन दहाएक सेकंद शेजारी बसून उचललं तर वाचता. ते दहा सेकंद तो मित्र गोळी चालवू शकत नाही, हलू शकत नाही. म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणं हे गेमच्या नियमातच बसवलेलं. कॉन्ट्रातला धबधबा मित्रासाठी थांबायला लावायचा, इथे मित्रासाठी मागे फिरावं लागतं.

लॉकडाऊनमध्ये याची खरी किंमत कळली. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा, २०१६ पासून असलेला 'लुडो किंग' त्याच दिवसांत आईबाबांच्याही फोनमध्ये पोचला आणि मामा-मावश्या गावोगावहून एकमेकांच्या सोंगट्या मारू लागल्या.

पण असा कट्टा दुसऱ्याच्या जागेवर असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. २ जुलै २०२१ रोजी त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्यांची ओळख फक्त गेममधल्या टोपणनावाने होती, असे कित्येक जण या ये-जा करण्यात कायमचे हरवले. शाळेतले मित्र मात्र लगेच दुसऱ्या गेमवर भेटले, कारण त्यांच्याकडे एकमेकांचे नंबर होते.

हा फरक संशोधकांनी आधीच मांडला होता. अमेरिकेतल्या कॉन्स्टन्स स्टाइनकूलर आणि दिमित्री विल्यम्स यांनी २००६ च्या लेखात म्हटलं की ऑनलाइन गेम हे घर आणि काम यांच्याबाहेरची 'तिसरी जागा' ठरू शकतात, म्हणजे आपल्याकडे चहाची टपरी किंवा पार असतो तशी. मात्र अशा जागी वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांशी ओळखी चटकन वाढतात, जिवाभावाचं नातं त्या मानाने कमी जुळतं. माझा अनुभवही तोच सांगतो. गेममुळे नवे जिगरी दोस्त फारसे मिळाले नाहीत, पण आहेत ते टिकले.

सगळं गोडच आहे असंही नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमच महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चाललं तर जागतिक आरोग्य संघटना त्याला 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणते. रोज रात्री एक तास चौघांनी खेळणं आणि चौघं झोपल्यावर पाचपर्यंत एकट्याने खेळणं, यात फरक आहे.

मग परत कॉन्ट्राकडे का वळतात लोक?

फक्त आठवणींसाठी नाही. नवे गेम मित्रांना एकत्र आणतात तसेच वेगळेही करतात. एकाने रोज चार तास खेळून वरची रँक गाठली, दुसरा महिन्यातून एकदा येतो. 'व्हॅलोरंट'च्या रँक्ड सामन्यात रँकमध्ये फार अंतर असलेल्या दोन-तीन मित्रांना एकत्र खेळताच येत नाही. समोरच्या टीमवर अन्याय नको म्हणून हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण ज्याला नोकरी-संसार आहे, तो यात बाहेर पडतो. त्यात अपडेट. तासभर मोकळा मिळाला, त्यातली चाळीस मिनिटं डाउनलोडची टक्केवारी बघण्यात गेली, हे कोणाला नवीन आहे?

कॉन्ट्रात असं काही नाही. सगळे शून्यापासून सुरू करतात, तीन लाईफ सगळ्यांना सारख्याच आणि तासाभरात गेम संपतो किंवा तुम्ही संपता.

नव्या गेम्सपैकी काहींनी हे ओळखलंय. २०२१ चा 'इट टेक्स टू' एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच. दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी पुरतो, दुसरा 'फ्रेंड्स पास'वर फुकट खेळतो. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो सर्वोत्तम गेम ठरला. २०२२ च्या 'टीनएज म्यूटंट निन्जा टर्टल्स: श्रेडर्स रिव्हेंज'मध्ये दिसणं सगळं जुन्या काळचं, पण ऑनलाइन सहा जण एकत्र खेळू शकतात. तेव्हाच्या सहाच्या सहा पोरांना एकेक रिमोट!

जुनाच खेळायचा असेल तर 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' २०१९ पासून पीसी आणि कन्सोलवर अधिकृतपणे मिळतं. पीसीवरच्या स्टीममध्ये 'रिमोट प्ले टुगेदर' ही सोय आहे. एका घरात बसून खेळायचे गेम तिने लांबच्या मित्रासोबत खेळता येतात आणि गेम एकाकडे असला तरी चालतं. नेट मात्र दोघांचं चांगलं हवं, नाहीतर उडीचं बटण आत्ता दाबाल आणि गडी खड्ड्यात पडल्यावर उडेल. एम्युलेटर बाळगणं म्हणजे लगेच गुन्हा नाही, पण कॉपीराइट असलेला गेम कुठल्याही साइटवरून फुकट उतरवणं ही पायरसीच.

माळ्यावरचा जुना डबा सापडला तरी चालू शकतो. फक्त बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये हे जागच्या जागी व्हायचं, एलसीडी टीव्हीवर चित्र उमटायलाच जरा उशीर होतो आणि नेम चुकतो. आणि हो, 'डक हंट'च्या एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने ते बदक उडवता यायचं. मूळ गेममध्येच ही सोय होती. तुमचा नेम सारखा का चुकायचा, हे आता ग्रुपवर विचारून बघा.

खेळायला बसाल तेव्हा तिसऱ्या लेव्हलच्या आधी एकदा पॉज करा आणि वर कोण आधी चढणार ते ठरवून घ्या.