मारुती कांबळे कोण होता?

परवा सकाळी नेहमीप्रमाणे फाट्यावर गेलो होतो. फाटा म्हणजे आमचा वारंगा फाटा. नांदेड-हिंगोली रस्त्याला इथे नागपूरकडचा रस्ता येऊन मिळतो. गाड्या थांबतात, प्रवासी खिचडी खातात आणि आपापल्या वाटेला लागतात. आम्ही निवृत्त मंडळी मात्र कुठेच जात नाही, चहा घेत बसतो. पेपरातल्या कुठल्याशा रखडलेल्या चौकशीवर बोलणं चाललं होतं. एक जण म्हणाला, "अहो, मारुती कांबळेचं काय झालं, तसंच व्हायचं याचंही." सगळे हसले. कप उचलायला आलेला पोरगा तेवढ्यात म्हणाला, "गुरुजी, मारुती कांबळे कोण होता हो? आपल्याच भागातला का?"

"नाही रे बाबा, सिनेमातला," मी म्हणालो. पण घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच टोचत राहिलं. म्हणून आज हे लिहायला बसलो.

सिनेमा होता 'सामना'. साल १९७५. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, आणि त्यांचा हा पहिलाच चित्रपट. पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे. निर्माते रामदास फुटाणे, तेव्हा चित्रकलेचे शिक्षक! एका मास्तराने सिनेमा काढला याचंच आम्हा मास्तरलोकांना केवढं अप्रूप होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. साखर कारखाना आणि सगळा गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले). त्यांच्या गावात एक दारुडा म्हातारा मास्तर (डॉ. श्रीराम लागू) येऊन पडतो. पाटील त्याला ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात. गावातला मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालेला आहे, हे मास्तराच्या कानावर येतं. मग तो विचारू लागतो. त्याचं काय झालं? एवढाच प्रश्न, पण तो सोडत नाही.

आता हा सिनेमा आधी फारसा चालला नाही, हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. पुण्यात पहिल्या खेपेला प्रेक्षकांनी पाठ फिरवली होती. मला त्याचं नवल वाटत नाही. आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली. वाचनालयातून धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड भाड्याने आणायचे आणि रात्रीत संपवायचे. खून झाला की खुनी शेवटच्या पानावर सापडायचा, दिवा मालवून निवांत झोपायचं. 'सामना'त खुनामागे कोणाचा हात असावा याचा अंदाज येतोच. मग रहस्य उरतं कुठे?

दुसरं कारण 'पिंजरा'. व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' १९७२ चा. त्यातही लागू मास्तरच, त्यातही निळू फुले आणि त्यातही खून! त्या गोष्टीत तर मास्तरावर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो आणि तो मुकाट्याने फाशी जातो, कारण गावाने त्याचा पुतळा उभारलेला असतो. गावाची श्रद्धा राहावी म्हणून खरं दडवणारा मास्तर महाराष्ट्राने डोक्यावर घेतला होता. तीनच वर्षांनी त्याच नटाला पाहायला माणसं आली, तर काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक झिंगलेला मास्तर गावाचं दडवलेलं उकरत बसलेला. तो गावाला नको होता तसा प्रेक्षकांनाही नको झाला असेल.

जाणकारांचं मत वेगळं पडलं. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेसाठी निवडला गेला. मोठं बक्षीस हंगेरीच्या मार्ता मेसारोश यांच्या चित्रपटाला मिळालं, पण मराठी सिनेमा तिथवर पोचला हीच बातमी मोठी. तारखा पाहा. २५ जूनला देशात आणीबाणी लागली आणि २७ जूनला बर्लिनचा महोत्सव सुरू झाला. इकडे प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडं बंद होत असताना तिकडे पडद्यावर आपला मास्तर एकच प्रश्न विचारत होता. परतल्यावर सिनेमा पुन्हा लागला आणि या वेळी मात्र लोकांनी उचलून धरला. काहीजण म्हणतात, परदेशाने पाठ थोपटल्यावर आपल्याला अक्कल येते. थोडं खरं आहे. पण मला वाटतं, मधल्या काही महिन्यांत प्रेक्षकच बदलला होता. मोठ्याने विचारता येत नाही असं काहीतरी प्रत्येकाजवळ साठलं होतं.

मी तो १९७६ च्या उन्हाळ्यात नांदेडला पाहिला. नोकरीला दोनच वर्षं झालेली. माझ्या मागच्या रांगेत ऊसवाले शेतकरी बसले होते. निळूभाऊंच्या बोलण्याला ते दाद देत होते, हसत होते. मास्तर विचारू लागला तसं हसणं कमी होत गेलं. बाहेर पडल्यावर बसस्टँडपर्यंत आमच्यातलं कोणी बोललं नाही. एकजण शेवटी म्हणाला, "लागूंनी काम झकास केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सिनेमावरची आमची चर्चा तेवढीच.

माझ्या न बोलण्याला कारण होतं. ते इतकी वर्षं कुठे सांगितलं नाही.

माझ्या पहिल्या शाळेत सहावीला एक मुलगा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखं. बाप एका बड्या घरी सालगडी. आमच्याकडे पाडव्याला साल ठरतं. त्या वर्षी साल पुरं व्हायच्या आत, दिवाळीनंतर बाप दिसेनासा झाला. उचल बुडवून मुंबईला पळाला, असं गावाने सांगितलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, तेही एकाच शब्दांत. महिनाभराने आई मुलाला घेऊन गाव सोडून गेली. जाण्याआधी ती शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, "दाखला हवाय का?" ती नुसती बघत राहिली आणि गेली. मी हजेरीपटावर 'सततची गैरहजेरी' असा शेरा लिहून नाव कमी केलं.

नोकरी कायम व्हायची होती. गावात राहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, कदाचित तो मुंबईलाच गेला असेल. असेलही. पण मी विचारलं नाही.

पुढे १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ऑगस्टमध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीला, पोचीराम कांबळे यांना मारलं गेलं. तेंडुलकरांनी आडनाव लिहिलं तेव्हा त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण त्यानंतर मला सिनेमातलं ते नाव कधी नुसतं सिनेमातलं वाटलं नाही. लोक मात्र तो प्रश्न म्हणीसारखा वापरू लागले. फाईल हरवली, अनुदान अडलं, रस्ता झाला नाही, की मारुती कांबळे! हसून सोडून द्यायची सोय झाली. परवा आम्हीही तेच केलं.

काल मुद्दाम फाट्यावर लवकर गेलो. गर्दी नव्हती. त्या पोराला समोर बसवून सगळी गोष्ट सांगितली, बर्लिनसकट. त्याने मन लावून ऐकली. मग म्हणाला, "पण गुरुजी, गावाला माहीतच होतं ना? मग विचारायला बाहेरचा मास्तर कशाला लागला? गावात शाळा नव्हती का?"

मी चहाचे पैसे दिले आणि उठलो. सिनेमातल्या मास्तरापेक्षा आज माझं वय जास्त आहे. त्या मुलाचं नाव मला अजून पाठ आहे, हजेरीपटावरच्या क्रमांकासकट. तो आता साठीला आला असेल. त्याच्या आईचं माहेर कोणतं, हे त्या गावात अजून एखाद्याला माहीत असेल. इथून एसटीने तासाभराचा रस्ता आहे.

असो. पाऊस उघडला की जाऊन येईन म्हणतो.